फसफसलेलं फिनॉल

“अहो गुलाबभाऊ, डोळे उघडा! हे तिसरं स्टूल पाडलंत!” ठोसर सर दबक्या आवाजात ओरडले.

गुलाबभाऊंनी डोळे उघडले नाहीत. दोन्ही हातांत परीक्षानळ्यांचं स्टँड धरून, पायानं फरशी चाचपत ते माझ्या टेबलाजवळून पुढे सरकले. समोरच्या भिंतीला कपाळ टेकलं तेव्हा थांबले, आणि भिंतीकडे तोंड करूनच डोळे उघडून म्हणाले, “आता पाहतो सर. आता इकडे कोनी नाही.”

कोणी नाही म्हणजे मी नाही. गुलाबभाऊ माझे वडील.

बोरखेडीच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे ते परिचर होते, आणि मी त्याच कॉलेजात बारावी सायन्सला. कॉलेजच्या फाटकातून आत आलं की मी त्यांना बाबा म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं गुलाबभाऊ म्हणायचं, हा नियम त्यांनी स्वतःच घातला होता. दोन वर्षं मी तो पाळला. घरी एकदा मी चुकून “गुलाबभाऊ, वरण वाढू का?” म्हणाले तर आई अर्धा दिवस बोलली नाही.

आज होती बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा. पोरगी परीक्षेला असताना बापानं त्या दालनात असू नये, असा नियम आहे. पण कॉलेजात दुसरा परिचर नव्हता, आणि कुठल्या बाटलीत काय आहे हे बाबा सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. ठोसर सरांनाही नव्हतं, जरी ते आमचे रसायनशास्त्राचे शिक्षक होते. शेवटी सरांनी तोड काढली, “तुम्ही आत राहा गुलाबभाऊ, पण मुलीकडे पाहायचं नाही. बोलणं तर नाहीच नाही.” सरांचा अर्थ एवढाच होता की खाणाखुणा करू नका. पण बाबा शब्दाला पक्के. पाहायचं नाही म्हणजे पाहायचं नाही.

त्याला कारणही तसंच होतं. बाबा अकरा वर्षं हंगामी होते. दर जूनला नवा कागद, दर एप्रिलला धाकधूक. त्या वर्षी त्यांना कायम करण्याचा आदेश टाइप होऊन प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये येऊन पडला होता, फक्त सही बाकी होती. प्राचार्य म्हणाले होते, “प्रॅक्टिकल बिनबोभाट पार पडू द्या. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या अहवालात एक वाकडी ओळ आली नाही, की त्याच दिवशी सही.” आणि इकडे गावात पोट्टे बोलत फिरत होते, “कुमीचं काय बाप्पा, तिचा बापच बाटल्या भरते.” त्यामुळे बाबांनी आदल्या रात्री देवापुढे दिवा लावून मला बजावलं होतं, “कुमे, उद्या मी तुह्या ओळखीचा नाही. मेलो तरी माह्याकडे पाहू नको.”

बाहेरून आलेले परीक्षक होते भांबुरकर सर. गेल्या वर्षीही तेच आले होते. उंच, रुंद, सफारी घातलेले, आणि सफारीचं खालचं बटण कायमचं सुटीवर गेलेलं. नियमाला कडक अशी त्यांची ख्याती. अमरावतीकडच्या एका कॉलेजात त्यांनी चिठ्ठी सापडली म्हणून एका मुलाला नाही, चिठ्ठी नीट लिहिली नाही म्हणून त्याच्या शिक्षकाला झापलं होतं म्हणे.

अशा माणसाला काय खाऊ घालावं आणि केव्हा, यावर आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी दोन पक्ष पडत. एक पक्ष म्हणे, परीक्षेआधी घाला, म्हणजे सुस्ती चढते आणि मार्क सुटतात. दुसरा म्हणे, नंतर घाला, म्हणजे वासाच्या आशेनं परीक्षा लवकर उरकते. त्या वर्षी पहिला पक्ष जिंकला. कॉलेजच्या मागं पहाटेपासून गोवऱ्या पेटल्या होत्या. त्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, वर मिरचीचा ठेचा आणि साजूक तूप. भांबुरकर सरांनी सकाळी साडेनऊला सहा रोडगे चुरून खाल्ले आणि साडेदहाला परीक्षा सुरू केली.

माझा नमुना चौदा नंबरचा होता. नळीतलं ते पाण्यासारखं द्रावण कोणत्या जातीचं, आम्ल की फिनॉल की आणखी काही, ते तपासून लिहायचं, एवढा प्रश्न. नळीचं बूच काढलं आणि मला हसूच आलं. फिनॉल! डोळे बांधून ओळखलं असतं. आमच्या घरी बाबांच्या सदऱ्याचा वास घेऊन आई सांगायची, “आज फिनॉल होतं वाटते. सदरा वेगळा भिजवा.” दवाखान्यासारखा तो गोडसर, घशात बसणारा वास मला आईच्या फोडणीइतका पाठ होता.

पण परीक्षेत नुसत्या वासावर भागत नाही, पुरावा लागतो. पद्धत साधी आहे. द्रावणात चिमूटभर सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खायचा सोडा टाकायचा. सेंद्रिय आम्ल असेल तर फसफसतं, कार्बन डायऑक्साइड निघतो. तो वाकड्या नळीनं चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधासारखी होते. फिनॉल असेल तर काहीच होत नाही. फिनॉल फार दुबळं आम्ल, सोड्यातून वायू काढण्याची त्याची टाप नाही. फिनॉलची ओळख म्हणजे त्याचं गप्प बसणं, असं ठोसर सर शिकवताना म्हणायचे.

मी सोड्याच्या बाटलीतून चिमूटभर पूड घेतली आणि नळीत टाकली.

फिनॉल फसफसलं.

साधंसुधं नव्हे. उन्हाळ्यात गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर जसं होतं तसं. फेस नळीच्या तोंडाशी आला, वाकड्या नळीतून वायू बुडबुड करत गेला आणि चुन्याची निवळी बघता बघता दूध झाली. ही निवळी बाबांनी स्वतःच्या तंबाखूच्या चुन्यापासून केली होती, त्यामुळे ती कधी फसवत नसे.

मी नळीचा पुन्हा वास घेतला. फिनॉलच. दुसऱ्या नळीत थोडं द्रावण घेऊन फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले. झक्क जांभळा रंग. म्हणजे फिनॉलच. पुन्हा सोडा टाकला. पुन्हा फसफस.

मी मान वर करून पाहिलं. वीस टेबलांवर वीस नळ्या फसफसत होत्या. वीस निवळ्या दुधाळ. प्रयोगशाळा कसली, डेअरी झाली होती. पोट्टे खुशीत होते, सगळ्यांना एकच उत्तर आलं की पोट्ट्यांना धीर येतो. माझ्या शेजारी हेमंत चांडक, आमच्या वर्गातला पहिला नंबर, डोळे अर्धे मिटून लिहीत होता. त्यालाही फिनॉल आलं होतं, मला वासावरून कळत होतं. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहून हळूच म्हटलं, “फेसही येतो आणि जांभळाही होतो. सॅलिसिलिक ॲसिड. एकाच अंगात दोन्ही गुण. तुला नाही सुचायचं.”

मला दुसरंच सुचलं होतं. मी एका कोऱ्या नळीत नुसतं पाणी घेतलं, नळाचं, बोरखेडी ग्रामपंचायतीचं. त्यात चिमूटभर पूड टाकली.

पाणी फसफसलं.

आता बोरखेडीचं पाणी वाईट होतं हे खरं, पण इतकं नव्हतं. मी पुडीचा वास घेतला. लिंबाचा वास! खायच्या सोड्याला लिंबाचा वास कुठून? आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही ती मेडिकलमध्ये मिळणारी पोटाची पूड होती, जळजळ झाली की पाण्यात घालून पितात ती. तिच्यात सोडाही असतो आणि लिंबाचं आम्लही. पाणी लागलं की दोघांचं आतल्या आतच जुंपतं. मग नळीत आम्ल असो, फिनॉल असो की गंगाजल असो, ती फसफसणारच.

आणि बाटल्या भरतात बाबा.

मेलो तरी पाहू नको, असं त्यांनी बजावलं होतं, तरी मी पाहिलं. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. सदऱ्याची पाठ घामानं चिकटली होती. ज्या माणसानं अकरा वर्षं फिनॉलला गप्प बसलेलं ऐकलं होतं, त्याला वीस नळ्या एकदम फसफसताना ऐकून काय झालं असेल! चौदा नंबरात काय आहे, सात नंबरात काय आहे, त्यांना ठाऊक होतं. कुठल्या नंबरची नळी कोणाच्या टेबलावर आहे एवढंच ठाऊक नव्हतं. त्यांनाही कळून चुकलं होतं की घोटाळा झालाय, आणि तो आपल्या हातून झालाय.

मी पेन हातात धरून बसले. फिनॉल लिहावं, तर परीक्षक विचारणार, डोळ्यांदेखत वायू निघाला असताना फिनॉल कसं? बापानं सांगितलं का? मग कॉपीची केस, आणि बाबा गेले. पुडीचं खरं सांगावं, तर रसायन बदललं, तेही बोर्डाच्या परीक्षेत. तरीही बाबा गेले. राहिलं आम्ल लिहिणं. ते लिहिलं तर फक्त माझे मार्क जात होते, बाबा राहत होते.

मी लिहिलं, “कार्बोक्झिलिक ॲसिड.” खाली दोन रेघाही मारल्या. आयुष्यात इतकं चुकीचं उत्तर मी इतक्या सुवाच्य अक्षरात कधी लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात रोडग्यांनी रंग दाखवला. भांबुरकर सर खुर्चीत बसल्याबसल्या एकदा डावीकडे कलले, एकदा उजवीकडे कलले, मग छातीवर मूठ धरून उठले आणि म्हणाले, “गुलाबराव! अहो, जळजळतंय फार. तो आपला सोडा आणा बरं, ग्लासभर पाण्यात.”

बाबांचा चेहरा चुन्यापेक्षाही पांढरा पडला. “साहेब, सोडा... म्हनजे... ताक आणू का?”

“ताक नको! सोडा. समोर आहे की बाटली.”

बाबा काय करणार? त्यांनी बाटलीतली चमचाभर पूड ग्लासात टाकली. ग्लास उतू गेला, बाबांचा हात भिजला, फेस फरशीवर पडला. भांबुरकर सरांनी डोळे मिटून तो गटागटा पिऊन टाकला. एम.एस्सी. झालेला माणूस, पण पोट पेटलं की माणसाचं शास्त्र सुटतं. मग अशी ढेकर आली की कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या.

“वाहवा!” सर म्हणाले. नाकाखाली फेसाची पांढरी मिशी. “गेल्या वर्षीपेक्षा यंदाचा सोडा चांगला आहे हो गुलाबराव. चवही आहे.”

ठोसर सर कौतुकानं हसले. बाबा भिंतीकडे वळले.

मग तोंडी परीक्षा सुरू झाली. सर एकेका टेबलाशी जात, वही बघत, दोन प्रश्न विचारत. सगळ्यांकडे ॲसिड. हेमंतकडे सॅलिसिलिक ॲसिड; त्यावर सर “अस्सं?” म्हणाले आणि पुढे आले. माझ्यापाशी येऊन त्यांनी वही वाचली, नळी उचलली, नाकाशी नेली आणि थांबले.

“काय नाव?”

“कुमुद गुलाबराव खंडारे.”

“अच्छा, तू ती!” सरांच्या भुवया वर गेल्या. “ॲसिड म्हणतेस. याचा वास कसला येतो?”

आता आम्ल म्हटलं की आम्लच, मागं फिरायला वाट नव्हती. “वास येत नाही सर. सर्दी आहे.”

“मला तर येतो. दवाखान्यासारखा.”

“मग दवाखान्यातूनच येत असेल सर. खिडकी उघडी आहे.”

सरांनी खिडकीतून पाहिलं. बाहेर तुरीचं रान होतं. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि वारा पडलेला.

“आणि ही दुसरी नळी जांभळी कशी झाली?”

“जांभूळ पडलं असेल सर.”

“फेब्रुवारीत?”

पोट्टे फिदीफिदी हसायला लागले. भिंतीपाशी बाबांची पाठ एकदा थरथरली. सरांनी नळी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, “बरं, हे राहू दे. फिनॉल म्हणजे काय, एवढं तरी सांग. सोपा प्रश्न.”

ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण सांगायला लागले असते तर त्यातूनच सगळं बाहेर आलं असतं. मी म्हणाले, “माहीत नाही सर.”

“माहीत नाही?”

“कधी ऐकलंच नाही.”

“खोटं बोलते ते पोट्टी!”

प्रयोगशाळा दणाणली. बाबा भिंतीपासून वळले होते. डोळे अजून घट्ट मिटलेले, कारण पाहायचं नाही हे कबूल केलं होतं. त्यांनी हात लांब करून बोट रोखलं होतं, आणि ते बोट बरोबर हेमंत चांडकच्या नाकावर होतं.

“सारं येते तिले साहेब! सारं येते! ते काय पहिल्या दिवशी आली का कालेजात? फिनॉल म्हनजे बेन्झिनच्या कड्याले ओएच लागेल राहते. सात वर्साचं होतं ते पोट्टं, तवापासून फिनॉल ओळखते! अन् म्हनते कधी आयकलं नाही! शरम नाही वाटत?”

“काका, मी नाही,” हेमंत रडवेल्या आवाजात म्हणाला.

“मधात बोलू नको तू!” बाबा त्याच्यावरच खेकसले. त्यांना वाटलं, मीच सर्दीच्या आवाजात बोलतेय.

“गुलाबभाऊ!” ठोसर सर धावले. “अहो, काय करताय? तुम्ही बोलायचं नव्हतं!”

“तुमी तिच्याशी बोलू नको म्हनलं होतं सर. मी साहेबाशी बोलून राह्यलो.”

भांबुरकर सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “थांबा. गुलाबराव, डोळे उघडा आणि माझ्याकडे पाहा. या चौदा नंबरच्या नळीत फिनॉल आहे का?”

“चौदा नंबर ना साहेब? फिनॉलच. मी सोता भरलं, तुमच्यासमोर.”

“मग वायू कसा निघाला? मी खुर्चीवरून पाहिला. फिनॉल सोड्यातून वायू काढत नाही, हे तुम्हालाही माहीत असेल.”

“बाबा, नका सांगू,” मी म्हणाले. कॉलेजच्या फाटकाच्या आत मी त्यांना पहिल्यांदा बाबा म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यांदा माझं ऐकलं नाही.

“तो वायू तिच्या फिनॉलचा नाही साहेब,” ते म्हणाले. “माह्या पावडरीचा हाये.” त्यांनी खिशात हात घातला आणि चुरगळलेल्या चार रिकाम्या पुड्या टेबलावर ठेवल्या. “बाटलीतला सोडा संपला होता. काल संध्याकाळी ध्यानात आलं. रंगनाथच्या मेडिकलातून ह्या आनल्या. वर लिहेल हाये पाहा, सोडियम बायकार्बोनेट. बाटल्यायच्या चिठ्ठ्या वाचून वाचून तेवढं विंग्रजी येते मले. खाली बारीक अक्षरात सायट्रिक ॲसिड लिहेल हाये, ते नाही दिसलं. चष्मा घरी होता.”

भांबुरकर सरांनी पुडी उचलली, वाचली, आणि त्यांचा हात सावकाश स्वतःच्या पोटावर गेला.

“म्हणजे मघाशी मी...”

“हाव साहेब.”

सरांच्या तोंडून बारीकशी ढेकर निघाली. त्यांनी ती हातरुमालात घेतली. मग एकदम ताठ होऊन, आवाज चढवून म्हणाले, “हा गंभीर प्रकार आहे! अर्धा किलो सोडा असतो बाटलीत. वर्षभरात चार प्रयोगांना शंभर ग्रॅमही लागत नाही. बाकीचा गेला कुठे?”

बाबा त्या रिकाम्या पुड्यांच्या घड्या घालायला लागले.

“बोला ना! याचा अहवाल करावा लागेल मला.”

“मोठ्या मानसाचं नाव नाही घेत मी साहेब.”

“कोण मोठा माणूस? प्राचार्य? ठोसर, तुम्ही?”

ठोसर सरांचा जीव वर आला. “मी नाही हो! मला ॲसिडिटीच नाही! गुलाबभाऊ, सांगा, सांगून टाका, नाहीतर सगळं तुमच्यावर येईल. कोणी नेला सोडा?”

बाबांनी खाली पाहत, अगदी हळू, पण वीस पोरांना ऐकू जाईल असं सांगितलं, “मागच्या साली परीक्षेले आले होते ते साहेब. चार चमचे इथंच पेले. अन् जाताना म्हनाले, घरी ढोकळ्याले लागते, बाटलीतला उरलेला देऊन टाका. म्या डब्यात भरून देला. बुडाशी राह्यला तेवढ्यात यंदाचं साल काढलं.”

मागच्या साली कोण आलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी जिकडे तिकडे बघायचं ठरवलं. ठोसर सर छताकडे बघायला लागले, जिथं पंखासुद्धा नव्हता. हेमंत आपल्या सॅलिसिलिक ॲसिडकडे. मी फरशीकडे. भांबुरकर सरांच्या नाकाखालची मिशी अजून पुरती वाळली नव्हती.

सरांनी ती मिशी पुसली, खुर्ची ओढली आणि बसून म्हणाले, “ढोकळा चांगला झाला होता.” आणि असे हसायला लागले की सुटलेल्या बटणाच्या जोडीला वरचं बटणही गेलं. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि ते पुन्हा परीक्षक झाले. “गुलाबराव, फाटकासमोर भजेवाला आहे ना? त्याच्याकडून खरा सोडा आणा. ठोसर, सगळ्यांच्या नळ्या धुवा. ही एक चाचणी पुन्हा होईल. सगळ्यांची.”

भजेवाल्यानं सोडा दिला, पण कशाला पाहिजे ते बघायला स्वतःही मागोमाग येऊन खिडकीशी उभा राहिला. चाचणी पुन्हा सुरू झाली. कुठे फसफसलं, कुठे नाही. हेमंतचं फसफसलं नाही. त्याचा चेहरा पाहून मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

मी चौदा नंबरच्या नळीत चिमूटभर सोडा टाकला. भांबुरकर सर वाकून पाहू लागले, ठोसर सर माझ्या खांद्यावरून पाहू लागले, खिडकीतून भजेवाला पाहू लागला. बाबा पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभे होते, कानात प्राण आणून. सोडा तळाशी जाऊन बसला. एक मिनिट झालं. दोन मिनिटं झाली. निवळी नितळच राहिली.

“काय झालं साहेब?” बाबांनी भिंतीला विचारलं.

“काही नाही झालं, गुलाबराव.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. एक बुडबुडासुद्धा नाही.”

बाबांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. भजेवाल्याला वाटलं, आपला सोडा वाया गेला म्हणून हा रडतोय, तो बिचारा म्हणाला, “दुसरा आणू का भाऊ?”

मी वहीतली ती दोन रेघांची ओळ खोडली आणि खरं उत्तर लिहिलं. सरांनी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या पाठीकडे पाहिलं. “हे का लिहिलं होतंस ते कळलं मला,” एवढंच म्हणाले आणि पूर्ण मार्क दिले.

संध्याकाळी त्यांनी अहवाल भरला. परीक्षेदरम्यान काही अनुचित प्रकार घडला असल्यास तपशील द्या, असा एक रकाना असतो. त्यात त्यांनी “निरंक” लिहिलं आणि ठसठशीत सही केली. प्राचार्यांनी तो वाचला, ड्रॉवर उघडला, आणि भांबुरकर सरांचंच पेन मागून घेऊन बाबांच्या आदेशावर सही केली. अकरा वर्षांचं काम पाव मिनिटात झालं.

आम्ही घरी निघालो. बाबांच्या वरच्या खिशात आदेशाची घडी होती. फाटक ओलांडलं, कॅनॉलचा पूल ओलांडला, तरी ते माझ्याशी बोलेनात. चार पावलं पुढे, तरातरा चालत होते.

“बाबा, पेढे घ्यायचे ना?”

“कायचे पेढे?”

“तुम्ही कायम झालात की!”

त्यांनी पावलं आणखीच उचलली. मी धावत जाऊन त्यांना गाठलं. “बाबा, मी तुमच्यासाठीच खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती तुमची.”

ते थबकले. इतके रागावलेले मी त्यांना आधी कधी पाहिले नव्हते, आणि नंतरच्या पस्तीस वर्षांतही पाहिले नाहीत.

“नोकरी गेली असती तं दुसरी पाह्यली असती. नाही भेटली तं कापूस येचला असता. पन चारचौघांत म्हनते, वास येत नाही! म्हनते, फिनॉल कधी आयकलं नाही! हे बायर पसरलं असतं, तं गुलाब खंडारेनं तोंड कुठं दाखवलं असतं?” त्यांनी पिशवी खाली ठेवली. “सांग आता. फिनॉल म्हनजे काय?”

“आत्ता? रस्त्यात?”

“सांग!”

मी सांगितलं, व्याख्येसकट, सूत्रासकट. त्यांनी ते मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. मग पुन्हा एकदा सांगायला लावलं, या खेपेला मोठ्यानं, कारण समोरून ठोसर सर सायकलवर येत होते.